आमच्या घरात कोणी पोलीस नव्हतं

कोपर, डोंबिवली (पश्चिम)
बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय सरोजताईंना मीराचा सविनय जयभीम.

आज साडेपाचला उठले. सहाला पाणी आलं, पावणेसातला गेलं. दूध अर्धा लिटरच घेतलं. दहा वाजता बँकेत जाऊन आले. जाताना आणि येताना दोन्ही वेळा तुमच्या भावाच्या खालून गेले. आता अडीच वाजलेत, लिहायला बसले आहे.

तुमचा खुबा कसा आहे? डॉक्टरांनी काठी धरून चालायला सांगितलंय असं पायल म्हणाली. तुम्ही ती काठी फक्त मांजर हाकलायला वापरता, असंही म्हणाली. नात असली तरी खोटं बोलणारी पोर नाही, तेव्हा कृपा करून चाला. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला मोठ्याने बोलता येत नाही (तीस वर्षं टेलिफोन खात्यात दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, स्वतः बोलायची सवय राहिली नाही), म्हणून हे पत्र. पायल उद्या पहाटेच्या एसटीने महाडला निघते आहे, तिच्या हाती देते. तुम्हाला येता आलं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. हे गेल्यापासून घरी भेटायला जे आले, त्यातले बरेचसे दुसऱ्याच माणसाला भेटायला आले होते. ते कसं, ते सांगते.

तुम्हाला इन्स्पेक्टर सबनीस आठवत असतील. नसतील आठवत तर तुमचं नशीब. एका कादंबरीमालेतले हे मुंबईचे इन्स्पेक्टर. एकूण चौतीस पुस्तकं, एसटी स्टँडवर आणि लायब्रऱ्यांत मिळायची. घरात इतकी वर्षं पडून असून मी एकही वाचलं नव्हतं. या दहा दिवसांत पाच वाचली, कारण येणारे लोक काय बोलतात तेच कळेना. माणूस चांगला आहे, त्यात शंका नाही. संशयिताला आधी खुर्ची देतो, मग चहा सांगतो, मग त्याच्या आईची तब्येत विचारतो, आणि चहा संपायच्या आत तो माणूस रडत रडत खून कबूल करतो. पाच पुस्तकांत त्याने कोणावर हात उचलला नाही, कोणाला 'उद्या या' म्हटलं नाही, आणि 'ही आमची हद्द नाही' हे वाक्य तर त्याला येतच नाही. मुंबईत आपण होऊन भेटावंसं वाटेल असा हा एकच पोलीस झाला, आणि तो दोनशे पानी होता.

तर या सबनीसांचं तोंड मात्र आपल्या घरातलं. वागळे इस्टेटला यांच्या व्हॉल्व्हच्या कारखान्यात 'हेल्मेट वापरा', 'धूम्रपान करू नये' असे बोर्ड रंगवायला कोलशेतचा धाकू पेंटर यायचा. त्यालाच त्या पुस्तकांच्या मुखपृष्ठाचं काम मिळालं. त्याने जेवणाच्या सुट्टीत यांना वॉचमनचा खाकी शर्ट चढवला, वॉचमनचीच टोपी घातली, हातात यंत्रांना वंगण भरायची ग्रीस गन दिली आणि भिंतीला टेकून उभं केलं. ग्रीस गनचं रिव्हॉल्व्हर त्याने नंतर ब्रशने केलं. पुढची पंधरा वर्षं तुमचा भाऊ दर पाच-सहा महिन्यांनी एकदा भिंतीला टेकायचा. नाही म्हणता येत नसे, हे तुम्हाला माहीत आहे. धाकू अंत्यविधीला आला होता, ऐंशीच्या घरात आहे आता. माझ्यापुढे हात जोडून म्हणाला, "वयनी, पाप माजंच हाय. पन त्याचा तोंडच तसा होता. कोनाला पन वाटल, यो मानूस खोटं नाय बोलनार." तेवढा एकच जण मला खरं बोलल्यासारखा वाटला.

कारण खरे गमरे, म्हणजे आपले हे, कसे होते? कारखान्यात टाइमकीपर. उशिरा आलेल्याला 'उशीर झाला' म्हणताना यांनाच घाम फुटायचा. सायकल चोरीला गेली तेव्हा पोलीस चौकीच्या पायरीपर्यंत जाऊन परत आले, साहेब कामात असतील म्हणून. त्याच आठवड्यात चोर त्याच सायकलवरून समोरून आला, तर यांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. (घरी येऊन मला म्हणाले, "चेन सैल झालीये गं, तेल घालत नाही वाटतं.") अशा माणसाला चाळीतली पोरं सॅल्यूट ठोकायची. एका लग्नात तर कोणी तरी यांना कोपऱ्यात घेऊन आपल्या जमिनीची केस हातात घ्या म्हणून तासभर समजावत होतं. हे मान डोलवत राहिले आणि आइस्क्रीम न खाताच घरी आलो.

आता फ्लेक्स. तुमच्या भाच्याने, राजरत्नने, सगळं धावून धावून केलं, त्यात मी काही कमी काढणार नाही. मूल नसलेल्या घरात पुतण्या म्हणजे मुलगाच, त्याला काय बोलायचं? श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी मी त्याला यांचा कंपनीच्या ओळखपत्रावरचा फोटो दिला. हनुवटीवर शिक्का होता, पण माणूस ओळखू येत होता. अनिश फ्लेक्सवाला म्हणाला, फोटो फाटतोय, एवढा मोठा होणार नाही. मग त्याने तो फोटो कॉम्प्युटरवर शोधायला टाकला, आणि कॉम्प्युटरने 'सातव्या मजल्यावरचा पाहुणा' या पुस्तकाचं मुखपृष्ठ काढून दिलं. एकदम स्वच्छ. टोपी, मिशी, रिव्हॉल्व्हर. राजरत्न धावतच घरी सांगायला आला, "काकी, चल बघायला. काका काय भारी दिसतोय!" मी गेले. स्टेशन रोडच्या कोपऱ्यावर बारा बाय आठचा फ्लेक्स. वर प्रणितभाऊंचा हसरा फोटो (हे आमच्या वॉर्डात नगरसेवक होणार आहेत, निवडणूक कधी होणार ते कोणालाच माहीत नाही, पण हे पाच वर्षं उभेच आहेत), खाली गोल चौकटींत शोकाकुल अकरा जण, त्यातले सात गॉगल लावून शोकाकुल, आणि मधल्या जागेत रिव्हॉल्व्हर रोखून तुमचा भाऊ. शेजारी मजकूर: 'पोलीस दलाचा ढाण्या वाघ हरपला.' सरोजताई, मी सदतीस वर्षं या वाघाची झुरळं मारली आहेत.

तिथून पुढे लोक यायला लागले. गुरुवारी डोंबिवली पूर्वेच्या एका वाचक मंडळाच्या चार बायका आल्या. फार शिकलेल्या, फार मृदू बोलणाऱ्या. सबनीस आरोपीशी सुद्धा किती माणुसकीने वागतो, कोणाच्याही झोपडीत बसून चहा घेतो, हे मला त्यांनी पंधरा मिनिटं सांगितलं. एकीने डोळे पुसले. मग तिची नजर भिंतीवर गेली. भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींवर. मग तिने विचारलं, "म्हणजे तुम्ही सबनीस नाही?" मी म्हटलं, "नाही, गमरे." "अच्छा, अच्छा," म्हणाल्या, आणि चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात मी चहा आणला, तर चौघींचाही गुरुवारचा उपास निघाला. उपासाला चहा चालत नाही हे मला नव्यानेच कळलं. कप मी परत आत नेले आणि एकेक करून चारही प्यायले. टाकून द्यायचा जीव होईना.

शनिवारी हवालदार आला. कोणी तरी तक्रार केली होती की मयत पोलिसात नसताना पोलिसाचा गणवेश घातला आहे. वही उघडून म्हणाला, "नेमणूक कुठं होती?" मी म्हटलं, "वागळे इस्टेट." "पोलीस ठाण्याला?" "व्हॉल्व्हच्या कारखान्यात." त्याने पेन टेकवलं तिथंच ठेवलं. मग बराच वेळ विचार करून लिहिलं, ते मला वाचूनही दाखवलं: 'सदर इसम मयत असल्याने त्यास समज देता आली नाही.' मी म्हटलं, मग फ्लेक्स काढून टाका, मला चालेल. तर म्हणतो, "मावशी, तुमच्या मालकांना काढू शकतो. पण त्यांच्या वर भाऊ आहेत, त्यांना हात लावता येत नाही." माझ्या संसारात एवढं स्पष्ट बोलणारा पोलीस पहिल्यांदा पाहिला.

सोमवारी खुद्द प्रणितभाऊ आले, बरोबर सहा जण. रविवारी विहारात यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे, हे तुम्हाला राजरत्नने कळवलं असेलच. त्यासाठी प्रणितभाऊ चार फुटांची तसबीर करून आणणार आहेत, टोपीतली. शिवाय आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाटी लावणार: 'इन्स्पेक्टर शिवराम सबनीस मार्ग.' मी म्हटलं, "शिवराम गमरे." ते म्हणाले, "वहिनी, गमरे कोणाला माहितीये? सबनीस म्हटलं की पब्लिक लगेच कनेक्ट होते." राजरत्न म्हणाला, "काकी, होऊ दे ना. काकाचंच नाव मोठं होतंय." मी विचारलं, "कुठलं नाव?" सहापैकी एकाने पंखा वाढवला. शेवटी प्रणितभाऊ मोठ्या मनाने म्हणाले की दुसरा चांगला फोटो असेल तर शनिवार संध्याकाळपर्यंत द्या, नाही तर आमची तसबीर तयारच आहे.

तेव्हापासून घर पालथं घातलं. तीन अल्बम आहेत. सगळ्या फोटोंत मी आहे, माहेरचे आहेत, महाबळेश्वरचा घोडासुद्धा आहे. हे कुठेच नाहीत, कारण फोटो काढणारे हे. एका फोटोत कोपर आहे, पण ते यांचंच असं खात्रीने सांगता येत नाही. आधार कार्डावरचा फोटो पाहिला, त्यापेक्षा सबनीस बरे. म्हणजे रविवारी वंदना होईल, सगळे रांगेने पुढे येतील, फुलं वाहतील, आणि ती सगळी फुलं सबनीसांना जातील. त्यांना काय कमी आहे? ते चौतीस पुस्तकांत जिवंत आहेत. माझ्या माणसाला एकच रविवार मिळणार, त्यातही टोपीखाली कोणी तरी दुसराच.

असो. तुमच्याकडे काही मागावं म्हणून लिहिलेलं नाही, नुसतं कळवावंसं वाटलं. औषधं वेळेवर घ्या. मांजराला माझा आशीर्वाद.

तुमची,
मीरा

ता. क. एक विचारायचं राहिलं. तुमच्या थोरल्याच्या लग्नात मागच्या अंगणात कोणी तरी यांचा फोटो काढला होता. बनियन आणि खांद्यावर पंचा, पुढ्यात कांद्यांचा ढीग, आणि कांदे चिरून डोळ्यांतून धारा लागलेल्या असताना हे तोंड उघडून हसताहेत. तो तुमच्या कपाटात, साड्यांखालच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात असायला हवा. तेवढा पायलच्या हाती शनिवारी पाठवा. मूळ फोटोच पाठवा, मोबाईलवरून नको. मोबाईलवर आला की अनिश त्याला टोपी घालेल. बनियन आहे म्हणून संकोच करू नका. रविवारी त्या सभेत एकाच्या तरी डोळ्यांत खरं पाणी हवं.

दुसरं ता. क. वरचं सगळं वाचून मी फार खऱ्याची आहे असं समजू नका. काल संध्याकाळी कल्याणहून एक म्हातारे गृहस्थ आले. डोळे जवळजवळ गेलेले, सून दारापर्यंत सोडून खाली थांबली. चौतीसही पुस्तकं त्यांना बायकोने वाचून दाखवली होती, आता ती नाही. चहा दोन कप घेतला. मग विचारलं, "साहेब घरी कसे होते?" मी म्हटलं, आवाज हळू होता. स्वतःच्या घराचं दार वाजवण्याआधीसुद्धा खोकायचे. कोणाला रागावले की नंतर आपणच जेवायचे नाहीत. गवारीची भाजी आवडत नसे, पण कधी म्हणाले नाहीत, नुसता भात जास्त घ्यायचे, त्यावरून मी ओळखलं. म्हातारे मान हलवत म्हणाले, "बरोबर. पुस्तकात नाही हे, पण असेच असणार साहेब." सरोजताई, यांच्याबद्दल मला इतकं कोणी विचारलं नव्हतं, आणि मीही इतकं कधी बोलले नव्हते. हे सबनीस नव्हते, एवढं मात्र त्यांना सांगितलं नाही. जाताना त्यांनी दाराकडे तोंड करून सॅल्यूट केला. तो कोणाला, ते मी विचारलं नाही.

पायल सहाला पत्र न्यायला येईल. यांना आवडत नाही हे ओळखल्यापासून घरात गवार आली नव्हती, आज पाव किलो आणली आहे. ती निवडायला बसते.