कोहळ्यावरचं लीड्स

मोहाडी, १७ जानेवारी

प्रिय प्रतीक्षा,

जयभीम बाळा. पत्र लिहून त्याचा फोटो पाठवून राहिली आहे. फोनवर तू मले बोलूच देत नाही, म्हणून कागद घेतला.

इकडं सारं बरं आहे. धान घरात आलं, बांधीत लाखोरीची डाळ निळी निळी फुलली आहे. अंगणवाडीत यंदा एकोणीस लेकरं, त्यातला एक सारखा माझ्या पदराले नाक पुसते. तुझे बाबा पावसाळ्यात गेले, तेव्हापासून सकाळ तेवढी जड जायची. सात वाजले की त्यांची फॅक्टरीची बस आठवायची अन् घास उतरत नव्हता. मग नोव्हेंबरपासून तू रोज बरोबर सातले व्हिडिओ फोन करायला लागली, अन् मी जेवायला लागली. साऱ्या मोहल्ल्यात मिरवते मी, पोरगी विलायतेत नर्स आहे, पण उठल्याबरोबर आधी मायले फोन करते.

जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या क्वार्टरात वीस वर्षं काढली आपण. भोंगा वाजला की सात, म्हणजे साऱ्यांचेच सात. त्याच अकलेनं मी धरून चालली, तुझ्याकडलं घड्याळ फार तर अर्धा तास मागं असेल. खिडकीत अंधार काहून, विचारलं तर तू म्हणायची, "ढग आहेत आई, इथं असंच असते." वरून मीच तुले रागवायची, तोंड किती सुजलं, वेणी तरी घालत जा.

परवा अंगणवाडीत दिवस-रात्र कशी होते, ते शिकवायचं होतं. दारातून ऊन येत होतं. पृथ्वी म्हणून लाल कोहळं घेतलं, मोहाडीसाठी चुन्याचा ठिपका दिला. एका पोरीनं विचारलं, तुमची प्रतीक्षाताई कुठं राहते? भिंतीवरचा नकाशा पाहून पश्चिमेकडं, चतकोर कोहळं सोडून, दुसरा ठिपका दिला. हळूच फिरवलं. मोहाडी उन्हात आली, लेकरांनी टाळ्या पिटल्या, अन् तुझं लीड्स पार मागं, काळोखात. मी पुन्हा फिरवून पाहिलं, तसंच.

शाळेतल्या अश्वजित सरले विचारलं. ते म्हणाले, पृथ्वी तासाले पंधरा अंश फिरते. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशाच्या रेघेवर चालते, इंग्लंडचं शून्यावर. म्हणजे साडेपाच तासांचा फरक. आपले सकाळचे सात, तेव्हा तुझ्याकडं रात्रीचा दीड.

दिवसभर पेशंट उचलते, अन् रात्री दीडले गजर लावून उठते. मायले दोन घास जावे म्हणून. मले राग आला तुझा, मग खूप रडली.

आज सकाळी फोन वाजला, तो मी उचलला नाही. शेतात होती असं कळवलं, ते खोटं. बंद होईपर्यंत फोनसमोरच बसली होती. पण नंतर पोटभर जेवली, काळजी करू नको. उद्यापासून सकाळचा फोन बंद. तुझ्या जेवणाच्या सुट्टीत, दुपारी दीडले कर, इथं संध्याकाळचे सात असतात. सकाळी केला तर उचलणार नाही, परसरामची बायको आहे मी, बोलली म्हणजे बोलली. आता सात वाजले की मी मनात म्हणीन, माझी पोरगी निजली आहे. आज म्हणून पाहिलं, अन् घास उतरला.

तुझीच,
आई