ऊनाचा जोडीदार

अहो,

सकाळची प्रार्थना आटोपून मी तशीच शाळेत जाते आहे. तिथल्या संत अँड्र्यूच्या सणाच्या जेवणाचं सूप यंदा माझ्याकडे आहे. शुक्रवारचा उपास, म्हणून मीठ दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावीन.

जेवणानंतर नाच आहे. आपल्या ऊनाने जोडीदार म्हणून तुमचं नाव दिलंय. बाई म्हणाल्या, "दुसरं कुणी बघू का?" नात तुमचीच, म्हणाली, "आजोबा नसतील तर मी बसून राहीन."

बोट विकल्यापासून तुम्ही कुणाला तोंड दाखवत नाही. कुणी काही विचारणार नाही, मी सांगून ठेवलंय. नाचाला घालायचा तुमचा चौकड्यांचा किल्ट इस्त्री करून दाराला लावलाय.

नाहीच आलात, तर तिच्याबरोबर मी उभी राहीन. पण इतकी वर्षं तुम्हीच मला फिरवलंत, पुरुषाची पावलं मला येत नाहीत.

इशबेल