तीन दिवसांची ज्वारी

मंगळवार, दिवेलागण

काशीकाकूंशी खोटं बोलले. आंबवलेल्या ज्वारीचे बिबडे, म्हणजे उन्हात वाळवलेले पापड, करायची रीत गावात आता त्यांनाच तेवढी आठवते, म्हणून आमच्या बचत गटानं त्यांना आग्रहानं बोलावलं. "तीन दिवस भिजू दे," एवढं सांगून त्या देडतलाईला लेकीकडे गेल्या. पण तो वास! शहरातून पाहुणे गटाचं काम बघायला येणार, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी ज्वारी उपसली.

आज काकूंनी शिजवलेला घाटा चाखला. "आंबलाच नाही. पुरे तीन दिवस ठेवली व्हती ना?"

"हो, काकू."

"मंग मीच विसरली असन, पोरी. चार दिवस लागत असतीन."

त्याच वासापायी लहानपणी, घरात ज्वारी आंबत असली की, मैत्रिणींना दारातूनच परत पाठवायचे मी.

गटाच्या वहीत आता 'चार दिवस' लिहिलंय. माझ्याच अक्षरात.