गुंडावरचं नाव

आई, आज ते मोठं वस्तुसंग्रहालय बघून आले. विश्रांतवाडीला राहायला आल्यापासून तू म्हणायचीस, एकदा जाऊ. पाहुणे आले की त्यांना शनिवारवाडा दाखवायचा आणि घरी येऊन पोहे करायचे, यातच ते राहून गेलं. मजल्यामागून मजले नुसत्या वस्तू आहेत गं: दिवे, अडकित्ते, हस्तिदंती फण्या. टाचा घासायच्या वज्रीवरसुद्धा कुणीतरी जीव ओतून मोर काढलाय. तू असतीस तर पहिल्याच दालनात म्हणाली असतीस, "एवढी भांडी काहून जमवली बाप्पा? घासते कोण?"

स्वयंपाकघराच्या दालनात मात्र माझा पाय निघेना. काचेमागे पाण्याचा पितळी गुंड होता, थेट तुझ्या माहेरून आलेल्या गुंडासारखा. तुझ्या गुंडाच्या गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलेलं होतं. मोरीशी बसून तू तो चिंचेनं घासते आहेस, मी अक्षराला अक्षर लावून वाचते आहे. "ही कोण गं?" "होती एक पोरगी," तू म्हणतेस आणि गुंडावर भसकन पाणी ओततेस. लग्नात बाबांच्या घरच्यांनी तुझं नाव बदललं, हे मला कितीतरी पुढे कळलं. तोवर गुंड मोडीत जाऊन स्टीलचे डबे आले होते, त्यांवर बाबांचं नाव. तू खूश होतीस. घासायचा त्रास वाचला होता.

काचेला नाक लावून मी त्या गुंडाचा गळा शोधत होते. नाव नव्हतंच, नुसती वेलबुट्टी. "अहो बाई, काच पुसायला आमच्याकडे माणूस आहे," रखवालदार म्हणाला. मी हसले आणि हसता हसता रडू आलं. कुठल्या कुठल्या सरदारणींच्या फण्या इथे जपून ठेवल्यात, आणि तुझं ते नाव असलेली एकही वस्तू माझ्याकडे नाही. मला तू फार हवी आहेस, आई. माझी आई होण्याआधीची, ती पोरगीसुद्धा. तिला त्या नावानं शेवटची हाक कुणी मारली असेल?

तिथून तुळशीबागेत गेले, एक तांब्या घेतला. दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसतो, त्याला ते नाव सांगितलं. "तुमचंच ना?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली आणि गर्दीत बाजूला जाऊन उभी राहिले. थोड्या वेळानं त्यानं तांब्या उंच धरला आणि त्या नावानं हाक मारली.

हे पत्र कुठे टाकायचं ते मला ठाऊक नाही, तेव्हा राहील इथेच. पण सांगते, आई, मी ओ दिली.