ज्वारीच्या कापणीचं कारण

डॉल्बी,
९ फेब्रुवारी २००९

ती. थेल्माताईस,
रॉइसचा सा. न. वि. वि.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू ओरडतेस, म्हणून पत्र. माझ्या मांड्यांवरचे ते लालसर चट्टे, ज्यांवर नऊ वर्षं इसब समजून मलम चोपडलं, ते इसब नाहीच. टूवूंबाच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. कातडीत होणारा लिम्फचा कॅन्सर निघाला. घाबरू नकोस, अगदी सुरुवात आहे. आणि औषध म्हणजे चक्क प्रकाश! आठवड्यातून तीनदा, निदान चार महिने.

कपाटाएवढ्या खोक्यात उभ्या नळ्यांचे दिवे असतात. आत नागडं उभं राहायचं, डोळ्यांवर काळा चष्मा. लवेनिया नावाची फिजीची नर्स आहे. तिने हातात एक धुतलेला मोजा दिला, तो मी इमानाने पायात चढवला. बाई हसून हसून भिंतीला टेकली. म्हणे, काका, तो पायासाठी नाही, तुमच्या अब्रूसाठी आहे! पहिल्या दिवशी वीस सेकंद. तेवढ्यासाठी ऐंशी किलोमीटर जाणं आणि ऐंशी येणं.

रागावू नकोस, एवढंच मागणं.
तुझा,
रॉइस

बंडाबर्ग,
१६ फेब्रुवारी २००९

चि. रॉइस यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अरे, डोकं ठिकाणावर आहे का? कॉलिनचं विसरलास? पाठीवरचा एक तीळ बिघडला आणि चौदा महिन्यांत माझा नवरा गेला. उन्हाने गेला. एकतीस वर्षं मी शाळेत टोपी नसलेल्या पोराला मैदानावर पाऊल ठेवू दिलं नाही, आणि माझाच भाऊ कॅन्सरवर उपाय म्हणून स्वतःला भाजून घेतोय! कातडी रापवायच्या त्या दिव्यांच्या खाटांनी तरण्या पोरी गेल्या. तीच खाट यांनी उभी करून ठेवली आहे, दुसरं काय!

आई गेल्यावर तुला मी वाढवलं. आणखी एका माणसाच्या उशाशी बसायची ताकद माझ्यात नाही. लांब बाह्यांचे दोन सदरे आणि रुंद काठाची टोपी पाठवते आहे.

जिवाला जप आणि ऐक.
थेल्मा

डॉल्बी,
२ एप्रिल २००९

ती. ताईस सा. न.

सदरे मिळाले. टोपीखाली मी आणि कुत्रा दोघंही मावतो. बाविसावी खेप झाली. ताई, नऊ वर्षांचे चट्टे फिके पडतायत, डावी मांडी तर स्वच्छ झाली. खाज नाही, झोप लागते. तुझं म्हणणं मी डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते म्हणाले, बहिणीची भीती खोटी नाही, पण हा प्रकाश उन्हातला एक नेमका भाग आहे, सेकंदांत मोजून दिलेला. आणि माझे चट्टे आलेत कुठे, तर जिथे ऊन कधी पोचलंच नाही तिथे, चड्डीच्या आत. मध्येच सोडू नका, असं मात्र त्यांनी बजावलं. परवा पाठ जरा लाल झाली, तर लवेनियाने लगेच वेळ कमी केला.

तू एकदा येऊन त्यांच्याशी बोलशील का?

वाट बघतो.
रॉइस

बंडाबर्ग,
१० एप्रिल २००९

चि. रॉइस यास आशीर्वाद.

लाल पाठ म्हणजे भाजलेली पाठ. हे कळायला डॉक्टर लागत नाही. मी येणार नाही. आता शेवटचं लिहिते. ती नर्स हवी की बहीण, ठरव. त्या खोक्यात पुन्हा पाऊल टाकलंस तर नाताळला माझ्या दारात येऊ नकोस. कठोर वाटेल, वाटू दे. तुझं भलं बघणारी आता मी एकटीच उरले.

तुझी ताई,
थेल्मा

डॉल्बी,
२० एप्रिल २००९

ती. ताईस सा. न.

सोडलं. लवेनियाला म्हटलं, ज्वारीची कापणी आली, जमायचं नाही. तिने दोनदा फोन केला. बहिरेपणाचा उपयोग झाला. आता खूश? नाताळला कोळंबी मी आणतो.

रॉइस

ब्रिस्बेन,
५ ऑक्टोबर २०११

ती. ताईस सा. न.

इस्पितळातून लिहितो आहे. मांडीवर आणि काखेत गाठी आल्या, एक फुटली. प्रकाश आता इतक्या खोल पोचत नाही म्हणतात. तेव्हा उपचार पुरा केला असता तर हे टळलंच असतं, असं छातीठोकपणे कुणी सांगत नाही. पण टळण्याची चांगली आशा होती, ती मी हाताने घालवली.

अडीच वर्षं तुझे सदरे घातले. इथे खिडकीजवळची खाट मिळाली आहे. नर्स पडदा उघडते, मी सवयीने ओढून घेतो. मला राग आला आहे, ताई. तुझा आला आहे, आणि एकसष्ट वर्षांचा घोडा होऊन तुझ्या धाकात राहिलो म्हणून माझाही. येऊ नकोस. उशाशी बसायची ताकद नाही, असं तूच लिहिलं होतंस.

काल डॉक्टरांनी विचारलं, उपचार मध्येच सोडायला कुणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कुणी नाही, ज्वारीची कापणी आली होती. यापुढे सगळ्यांना हेच सांगणार आहे. खरं काय ते तुला एकटीलाच माहीत असू दे.

माया कमी झालेली नाही, तेच वाईट आहे.
रॉइस