हळदीत घेतलेलं नाव

करंजाडे,
१९ जानेवारी २०२५

प्रिय प्रीतमदादा,

सप्रेम नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून इतक्या वर्षांनी कागद हातात घेतला. आम्ही बरे आहोत. आईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ती ऐकते कुणाचं! अजून साऱ्या गावच्या हळदीला गायला जाते.

मला सारखी तुझी हळद आठवते. गावच्या मैदानात मांडव, मध्ये तू पिवळाधमक, आणि माईक माझ्या आईच्या हातात. दहावीला तू दोनदा गचकलास, तेही तिनं गाण्यात घालून पाहुण्यांसमोर म्हटलं. मामा डोळे पुसत हसत होते. तू तर ओरडलास, "आत्या, अजून होऊ दे!" हळदीच्या गाण्यात नाव घेऊन चिडवलं नाही तर माणूस रुसायचा तेव्हा. सरपंचही कधी सुटले नाहीत. काय मजेचे दिवस होते रे ते!

गेल्या महिन्यात शेजारच्या शिवतेजच्या हळदीला तिनं तेच केलं. गावच्या मैदानावर हक्क सांगून तू भोवती पत्रे ठोकलेस, म्हणून मांडव रस्त्यावर घालावा लागला होता. आईनं माईक घेतला:

"प्रीतम शेठनी मैदान गिललं गो,
तरी त्याचं प्वाट नाय भरलं गो."

बायकांनी टाळ्या पिटल्या, पोरांनी व्हिडिओ काढला, आणि तो नवी मुंबईभर फिरला.

आता स्पष्टच लिहिते. तू सख्ख्या आत्यावर अब्रुनुकसानीची फिर्याद केलीस. कोर्टाचा लिफाफा आला तेव्हा तिला वाटलं, कुणाची तरी लग्नपत्रिका आली. मला तुझा भयंकर राग आला. अजून आहे.

बेलापूरचे वकील म्हणाले, "घटनेनं बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, पण ते दुसऱ्याच्या अब्रूपाशी थांबतं. जागेचे कागदही त्यांच्याकडे आहेत. माफी लिहून द्या, मिटेल."

आई म्हणाली, "सायेब, घरचा हाय तो. परक्याला कोन चिडवतं?"

मी समजावलं, रडले, पण ती ढिम्म. माफी लिहिली नाही. कायद्यानं तू बरोबर असशीलही, मला त्यातलं कळत नाही.

जाईचं लग्न ठरल्याचं बाहेरून कळलं. लेकीच्या हळदीला आत्याला बोलावशील की नाही, ठाऊक नाही. आईचा निरोप मात्र तिच्याच शब्दांत लिहिते: "बोलावलंस तं येन. जाईला चांगलं गाईन. पन तुझं नाव आता नाय घेनार."

दादा, फिर्यादीचं काय करायचं ते कर. पण त्याआधी एकदा घरी ये, आणि तिच्या तोंडून तुझं नाव वदवून घे.

अजून तरी तुझीच,
नमी