बिनटोकाच्या पात्याचा वारस

मी, खाली सही करणारी, वय सेहेचाळीस, धंदा चाकू घडवण्याचा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, माझ्याच हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. जीव थाऱ्यावर नाही, हे मी लिहून देते. परवा हृदयाची शस्त्रक्रिया आहे. एक कलम लिहिते, उठते, खिडकी लावते, पुन्हा उघडते. अक्षर हलले असेल तर त्यावरून शंका काढू नये.

एक. कारखान्यावरच्या दोन खोल्या धाकट्या भावाला आणि वहिनीला मिळून. न्हाणीघराचा गळका नळ वहिनीने आधी बदलून घ्यावा. भाऊ "बघतो" म्हणेल. त्याचे ते बघणे मी वर्षभर बघते आहे.

दोन. बँकेतली शिल्लक एकट्या वहिनीला. भावाच्या हाती पडली तर त्या पैशांचे कारखान्यात नवे मशीन येईल. माझे शिवणयंत्र मावसबहिणीने नेले ते परत आणलेच नाही. आता ते तिचेच समजावे. मागणे सोडले आहे, राग सोडलेला नाही.

तीन. कारखाना. इथे माझे पेन अडते.

आमचा चाकू खुराचा चाकू म्हणून ओळखला जातो. धार पट्टीसारखी सरळ. पाठ पुढे गोल वाकून धारेला मिळते, म्हणून टोक नाही. ही घडण माझी नव्हे, फार जुनी आहे. मेंढपाळ अशा पात्याने मेंढ्यांचे वाढलेले खूर तासत. जनावराने पाय झाडला तरी ते कुणाच्या अंगात घुसत नसे. जहाजावरचे खलाशीही तेच बाळगत, कारण हलत्या डेकवर टोकाचा चाकू म्हणजे जिवाशी खेळ. दोर लाकडावर ठेवायचा, त्यावर पाते टेकवायचे, पाठीवर ठोका द्यायचा. सरळ धार सगळीकडून एकदम बसते. आज आमची पाती जनावरांचे डॉक्टर नेतात, चामडे कापणारे नेतात, आणि अपघात झालेल्या गाडीत अडकलेल्याचा सीटचा पट्टा त्याला इजा न करता कापणारेही नेतात.

वडील मात्र टोकाचे चाकू करत. भाऊ लहान असताना ओल्या फरशीवर घसरला आणि हातातले पाते त्याच्या मांडीत गेले. पुढे कारखाना माझ्याकडे आला, त्याच महिन्यात मी टोक बंद केले.

आता भावाला ते परत हवे आहे. म्हणून या कलमात मी अट घातली होती, की पात्याला टोक आल्यास कारखाना विकून टाकावा.

आज सकाळी तो नवे पाते घेऊन आला. मी ते काचेवर उभे धरून दिव्याकडे पाहिले. धारेखालून उजेडाचा कणही येईना. इतकी सरळ धार मला कधी जमली नाही. पण पुढे टोक होते.

"हे कशाला?" मी विचारले.

"ताई, गिऱ्हाईक खोकं उघडायला जातं आणि तुझं पातं नुसतं घासत बसतं. भोकच पडत नाही."

"तुझ्या मांडीत पडलं होतं की."

"मांडी माझी ना? मी कधीच विसरलो. तूच इतकी वर्षं लंगडतेयस!"

मला हसू आले. मग तो गेल्यावर कितीतरी वेळ नुसत्या येरझाऱ्या घातल्या.

वरची अट मी खोडली आहे आणि खोडलेल्या जागी सही केली आहे. कारखाना, भट्टी, धार लावायची सहाण, साचे, सगळे भावाचे, विनाअट. टोक ठेवावे की नाही, ते त्याने ठरवावे. वडिलांनीही मला अट घातली नव्हती. माझी पहिली बिनटोकाची पाती पाहून ते एवढेच म्हणाले, "खपतायत ना? मग झालं."

चार. भावाने पाते पाठीच्या बाजूने पुसावे, जोडे घालूनच कामाला उभे राहावे, फरशी कोरडी ठेवावी. ही अट नाही, बहिणीचे सांगणे आहे.

मी घरी परत आले तर तिसरे कलम पुन्हा लिहायला घेईन आणि टोकावरून पहिल्यापासून भांडेन. साक्षीदारांनी हे त्याला आत्ता सांगू नये. परवा मला आत नेल्यावर, तो बाहेर एकटा बसलेला असेल, तेव्हा सांगावे.

सही: चाकू कारखान्याची मालकीण

आमच्यासमोर सही केली:
१. शेजारचा दोरवाला
२. जनावरांची डॉक्टर

स्थळ: कारखान्यामागची खोली
दिनांक: चौदा, मंगळवार, दुपार